यमुनेची रुंदी

ऑगस्ट २०१९ मध्ये हरियाणातल्या हथिनीकुंड बॅरेजवरून यमुनेत ८.२८ लाख क्युसेक पाणी गेले. त्या बॅरेजने पाहिलेल्या मोठ्यातल्या मोठ्या आकड्यांपैकी हा एक. ते पाणी दिल्लीत पोहोचले तेव्हा जुन्या लोहापुलावरची पातळी २०६.६० मीटरपर्यंत चढली. धोक्याची खूण २०५.३३ वर आहे, म्हणजे सव्वा मीटर वर. नदीकाठच्या झोपड्या हलवल्या आणि बाकीच्या शहराने पूर वर्तमानपत्रातल्या फोटोंत पाहिला. पुढे जुलै २०२३ मध्ये त्याच बॅरेजवरून गेलेला सर्वोच्च विसर्ग होता ३.५९ लाख क्युसेक, म्हणजे निम्म्याहून कमी. लोहापुलावर मात्र १३ जुलैला २०८.६६ मीटरची नोंद झाली. पाणी निम्मे आणि पातळी दोन मीटरने जास्त.

शिखराच्या एकेका आकड्यावरून दोन पुरांची तुलना करू नये, हे खरे. २०१९ चा लोंढा टोकदार होता, चटकन आला आणि चटकन ओसरला. २०२३ मध्ये मोठा विसर्ग बराच वेळ टिकला. शिवाय ९ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर १५३ मिलिमीटर पाऊस पडलेला होता. जुलै महिन्यात एका दिवसात इतका पाऊस १९८२ नंतर झाला नव्हता. ही सगळी कारणे जमेस धरली तरी दोन मीटरचा हिशेब पुरा होत नाही. उरलेले उत्तर आकाशात किंवा हथिनीकुंडात शोधण्यापेक्षा वजीराबाद ते ओखला या बावीस किलोमीटरांत शोधावे लागते. त्यासाठी बरेच मागे जायला हवे, कारण या नदीची रुंदी एका रात्रीत कमी झालेली नाही.

यमुना बंदरपूंछच्या बर्फातून निघते आणि १,३७६ किलोमीटर वाहून प्रयागला गंगेला मिळते. डोंगरातून बाहेर पडण्याआधी काळसीजवळ तिला टोन्स मिळते. टोन्समध्ये पाणी यमुनेपेक्षा जास्त असते, तरी नाव यमुनेचेच पुढे चालते. हथिनीकुंडापाशी ती मैदानात उतरते, पल्ला गावापाशी दिल्लीच्या हद्दीत येते. दिल्लीच्या पश्चिमेला अरवलीची शेवटची सोंड आहे, तिला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. त्या खडकामुळे नदीला पश्चिमेकडे फार सरकता येत नाही. पूर्वेला मात्र गंगेपर्यंत सपाट दुआब पसरलेला, त्यामुळे हवी तेवढी मोकळीक. इथले शेतकरी जमिनीचे दोन भाग करतात. पुरात जाणारी सखल, गाळाची ती खादर आणि पूर कधीच न चढणारी उंच ती बांगर. आपल्याकडे मळईची जमीन म्हणतात, तिच्या जवळपास जाणारी ही खादर, पण कोसभर रुंद. वर्षाच्या पाण्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने याच विस्तारात पाण्याची एक अरुंद पट्टी इकडून तिकडे भटकत असते.

मराठी वाचकाला ही नदी भूगोलाच्या पुस्तकाआधी इतिहासाच्या पुस्तकात भेटते. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट आजच्या वजीराबाद बॅरेजच्या वरच्या अंगाला होता. जानेवारीत यमुनेला पाणी थोडे, त्यामुळे नदीला जागोजाग उतार. पात्राच्या फाट्यांमध्ये वाळूची बेटे, बेटांवर झाऊ आणि लव्हाळ्याचे माणसापेक्षा उंच रान. त्या रानाच्या आडोशाने अब्दालीच्या बाजूच्या नजीबखानाचे रोहिले बंदुका घेऊन पुढे सरकले. भाला-तलवारीच्या घोडदळाला त्या जागेत घोडे फिरवायला वाव नव्हता. हिवाळ्यातल्या यमुनेने शत्रूला वाट तर दिलीच, वर लपायला जागाही दिली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात चित्र उलटे झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. अब्दाली पलीकडे दुआबात अनूपशहरला, मध्ये दुथडी भरलेली यमुना. दोन्ही फौजांना एकमेकांची खबर होती, पण तीन महिने नदीने कोणालाच ओलांडू दिले नाही. पाणी उतरू लागल्यावर भाऊ उत्तरेकडे गेले आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकले. त्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपतपाशी नदी पार करून दिल्लीची वाट अडवली. बागपत आज राजधानी क्षेत्रातच मोडते. पानिपतच्या मीमांसेत आपण दुही, यात्रेकरूंचे लटांबर, रसद, तोफा यांचा कीस पाडतो. ऑक्टोबरअखेरीस यमुनेचे पाणी किती झपाट्याने उतरते याचा अंदाज कोणाचा बरोबर आला आणि कोणाचा चुकला, हा प्रश्न त्या यादीत फार वरच्या जागेचा मानकरी आहे असे मला वाटते.

मराठ्यांचा दिल्लीच्या यमुनेशी शेवटचा मोठा प्रसंगही नदीच्याच अंगाने घडला. ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत दौलतराव शिंद्यांची फौज, फ्रेंच सेनानी बूर्कँच्या हाताखाली, पूर्व काठावर उभी होती. समोर जनरल लेक आणि पाठीशी पावसाळ्याअखेरची भरलेली यमुना. मोर्चा फुटल्यावर मागे जायला जागाच नव्हती. अनेकजण नदीत बुडाले. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. तिथून नदी दिसत नाही, मध्ये रस्ते आणि बांध आहेत.

या प्रसंगांत नदी रुंद आहे आणि तिची रुंदी ऋतूप्रमाणे बदलते. सेनापती, नावाडी, व्यापारी सगळ्यांना हे ठाऊक होते. लाल किल्ल्याच्या पूर्वेच्या भिंतीखालून पाणी वाहत असे आणि सलीमगड तर जवळजवळ बेटावरच होता. मे १८५७ मध्ये मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले ते नावांच्या पुलावरून. उन्हाळ्यातल्या शांत पाण्यावर तसा पूल टिकत असे.

नदीतून पाणी काढून नेण्याची गोष्ट मात्र त्याहून जुनी. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने पश्चिम काठावर कालवा खोदला. शहाजहानच्या काळात अली मर्दानखानाने तो दिल्लीपर्यंत वाढवला आणि त्याचे पाणी चांदणी चौकातून व किल्ल्याच्या महालांतून खेळवले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कालव्याकडे पाहायला कोणी उरले नाही आणि तो कोरडा पडला. म्हणजे मराठे दिल्लीचे कारभारी होते तो काळ कोरड्या कालव्याचा. इंग्रजांनी तो पुन्हा वाहता केला, १८२० मध्ये पाणी दिल्लीत आले. १८३० मध्ये पूर्वेचा कालवा निघाला, पुढे ताजेवाल्याला पक्के बांधकाम झाले, १८७४ मध्ये ओखल्याहून आग्रा कालवा सुटला. पाण्याच्या निचऱ्याचा विचार न करता कालवे काढल्याची किंमतही लगेच कळली. कर्नालच्या आसपास जमिनी चिभडल्या, हिवतापाने थैमान घातले आणि तिथली लष्करी छावणी १८४० च्या दशकात उठवावी लागली. गावोगावच्या मुलांच्या पोटातली पांथरी चाचपून कालव्याचा दोष मोजण्यासाठी समिती नेमली गेली. जलसंपदा खात्याच्या इतिहासातला हा भाग आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात यायला हरकत नाही.

इथे जरा आडवळण. नदी आणि द्राक्ष म्हटले की मराठी माणसाला नाशिक आठवते, गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी उभा राहिलेला वाइनचा धंदा आठवतो. यमुनाकाठी द्राक्षाचा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी झाला. आग्र्याला नदीकाठच्या बागेत बाबराने द्राक्षे आणि खरबुजे लावून घेतली, आणि हिंदुस्थानात ती पिकलेली पाहून आपल्याला समाधान वाटल्याचे आत्मचरित्रात लिहून ठेवले. नदी जवळ असूनही काठ उंच, त्यामुळे बागेला पाणी विहिरीवरून रहाटाने चढवावे लागे. वाइनचा प्रदेश म्हणून मात्र हा पट्टा कधी उभा राहिला नाही, आणि त्यामागे नदीपेक्षा पावसाचे वेळापत्रक आहे. नाशिकचा वेल हिवाळ्यात झोपत नाही, तिथली छाटणी साधली की फेब्रुवारी-मार्चमध्ये घड उतरतात. दिल्लीच्या थंडीत वेल पाने गाळतो, वसंतात फुटतो आणि फळ मेअखेर-जूनमध्ये तयार होते. तोवर मान्सूनपूर्व सरी दारात असतात, मणी तडकतात, कुजतात. दिल्लीच्या पुसा संस्थेने त्यासाठी लवकर पिकणाऱ्या जातींवर काम केले. तिच्या पुसा नवरंग या जातीचा रस गडद रंगाचा, वाइनलाही चालणारा. तरीही खादरातले खरे पीक राहिले ते काकडी, कलिंगड आणि खरबुजाचे. पूर ओसरला की ओल्या वाळूत लावायचे आणि पुढच्या पुराच्या आत काढून घ्यायचे.

नाशिकचे नाव घेण्याचे दुसरेही कारण आहे. महाराष्ट्रात पूर म्हटले की धरणाचा विसर्ग. खडकवासला, कोयना, उजनी, गंगापूर: किती सोडले, केव्हा सोडले, आधी का सोडले नाही, यावर आपल्या चर्चा चालतात. तोच चष्मा लावून आपण दिल्लीच्या बातम्या वाचतो आणि ‘हरियाणाने पाणी सोडले’ हे वाक्य आपल्याला पटते. पण हथिनीकुंड हे धरण नाही, बॅरेज आहे. त्याच्या मागे साठा नाही. वरून येणारे पाणी कालव्यांकडे वळवायचे एवढेच त्याचे काम. विसर्ग फार वाढला की पाण्याबरोबर दगडगोटे आणि गाळ येतो, म्हणून कालव्यांची दारे बंद करतात आणि सगळे पाणी नदीत जाते. यात सोडण्या-न-सोडण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. खरा साठा करणारी धरणे म्हणजे यमुनेवरचे लखवार, गिरीवरचे रेणुका आणि टोन्सवरचे किशाऊ. लखवारचे काम १९९२ मध्ये थांबले आणि २०१८ मध्ये सहा राज्यांच्या करारानंतर पुन्हा मार्गी लागले. तिन्ही पूर्ण होईपर्यंत दिल्लीच्या वर पूर धरून ठेवणारे मोठे काहीही नाही.

एकोणिसाव्या शतकात नदीच्या रुंदीला पहिली कायमची खीळ पडली ती १८६६ च्या लोहापुलाने. रेल्वे वर, रस्ता खाली. दिल्लीच्या पुराची पातळी आजही या पुलावरच मोजतात, म्हणून दर पावसाळ्यात त्याचे नाव बातम्यांत असते.

पुढचा निर्णय उलट दिशेचा होता आणि शहाणपणाचा. डिसेंबर १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने नव्या राजधानीच्या कोनशिला बसवल्या त्या उत्तरेला, दरबाराच्या मैदानापाशी, बुराडीच्या वाटेवर. तज्ज्ञांनी पाहणी करून ती जागा नाकारली. सखल, पुराची, रोगट. कोनशिला उचलून रायसीनाच्या टेकडीकडे नेल्या. नवी दिल्ली नदीपासून दूर, उंचावर वसली. तिला नदीचे सौंदर्य मिळाले नाही, पण नदीला आपली जागा मिळाली. नाकारलेल्या त्याच टापूत, दत्ताजी पडले त्या बुराडीत, आज दाट वस्ती आहे. राजधानीसाठी जी जमीन अयोग्य ठरली, ती परवडणारे घर शोधणाऱ्यांसाठी कोणी अयोग्य ठरवली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या यमुनेचा इतिहास सांगताना १९५५ चे वर्ष सहसा कोणी घेत नाही. माझ्या मते दिल्लीच्या पाण्याच्या व्यवस्थेतले ते सर्वांत बोलके वर्ष. ऑक्टोबरमध्ये मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचा प्रवाह सरकला, वजीराबादच्या पाणी उपसा केंद्रापासून दूर गेला. केंद्राच्या थोडे खाली नजफगड नाला नदीला मिळतो. हा नाला मुळात साहिबी नदीचा. राजस्थानच्या टेकड्यांतून येऊन ढांसापाशी दिल्लीत शिरणारी, नजफगडच्या तलावात विसावणारी नदी. तलावाचे पाणी काढण्यासाठी इंग्रजांनी चर खोदला आणि पुढे त्या चरात शहराने सांडपाणी सोडले. मूळ प्रवाह दूर गेल्यावर नाल्याचे पाणी उलटे, वरच्या अंगाला चढले आणि उपसा केंद्राच्या तोंडाशी आले. अभियंत्यांच्या ते लक्षात आले. त्यांनी क्लोरीन वाढवले. जिवाणू मेले, त्यामुळे टायफॉइडची साथ आली नाही. विषाणू मात्र वाचले. डिसेंबर आणि जानेवारीत शहरात काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. गरोदर बायकांमध्ये मृत्यू जास्त होते. ही कावीळ नेमकी कोणती, हे तेव्हा कळले नाही. बऱ्याच वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर तो हेपेटायटिस ई असल्याचे ठरले. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत ‘दिल्लीची साथ’ म्हणून तिचा उल्लेख असतो.

एवढ्या मोठ्या घटनेतून दोन धडे निघू शकत होते. एक, सांडपाणी नदीत सोडू नये. दोन, नदी सरकू नये. दिल्लीने दुसरा घेतला. १९५९ मध्ये वजीराबादला बॅरेज झाले. नदीचे पाणी त्याच्या वर अडवायचे, तिथून पिण्यासाठी उचलायचे, आणि नाला बॅरेजच्या खाली मिळू द्यायचा. पाणीपुरवठा सुरक्षित झाला आणि त्याच भिंतीने दिल्लीची यमुना दोन तुकड्यांत तोडली. वरचा तुकडा पाण्याचा, खालचा नाल्यांचा. पुढे आयटीओ चौकापाशी वीजकेंद्र थंड ठेवायला पाणी मिळावे म्हणून आणखी एक बॅरेज आले आणि ओखल्याच्या जुन्या बंधाऱ्याच्या जवळ १९८० च्या दशकात नवे बॅरेज. बावीस किलोमीटरांत तीन ठिकाणी नदीला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास रुंदीच्या दारांतून जावे लागू लागले. दारांच्या मागे गाळ साठतो, बेटे होतात, बेटांवर गवत आणि झाडे वाढतात. दुसऱ्या वर्षीचा पूर त्या बेटांवर आदळतो.

सप्टेंबर १९७८ चा पूर एका पिढीला तोंडपाठ होता. हथिनीकुंडाच्या आधीच्या ताजेवाल्याहून सुमारे सात लाख क्युसेक पाणी, लोहापुलावर २०७.४९ मीटर. बांध फुटले, उत्तर दिल्लीची गावे आणि मॉडेल टाऊनसारख्या वसाहती पाण्यात गेल्या. नंतर बांध उंच आणि मजबूत केले. बांध मजबूत झाला की त्याच्या आतली जमीन बांधकामाला धोक्याची आणि बाहेरची सुरक्षित, अशी विभागणी व्हायला हवी होती. झाले असे की बांधांमुळे सगळ्यांनाच धीर आला. १९८२ च्या एशियाडसाठी नदीकाठी इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम झाले होते. पुढे मेट्रोचे डेपो आले, २००५ मध्ये अक्षरधाम मंदिर उघडले, २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे क्रीडाग्राम उभे राहिले. क्रीडाग्रामाचा वाद न्यायालयात गेला, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जागा नदीपात्रात किंवा पूरमैदानात येत नसल्याचे मानले आणि बांधकाम राहिले. त्यात पुलांची भर. वजीराबाद ते ओखला या टप्प्यात आज वीसहून अधिक पूल आहेत, प्रत्येकाचे खांब, प्रत्येकाच्या दोन टोकांचे भराव. एकेक प्रकल्प सुटा पाहिला तर त्याने पातळी किती वाढली हे सेंटिमीटरांत सांगावे लागेल. परवानग्याही सुट्याच दिल्या गेल्या.

मनोज मिश्रा हे वनसेवेतले अधिकारी नोकरी सोडून याच गोष्टीमागे लागले होते. २००७ मध्ये त्यांनी ‘यमुना जिये अभियान’ सुरू केले. त्यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने १३ जानेवारी २०१५ ला दिलेला निकाल ‘मैली से निर्मल यमुना’ या नावाने ओळखला जातो. पूरमैदानाची आखणी करावी, तिथे बांधकाम होऊ देऊ नये, राडारोडा टाकणाऱ्याला दंड करावा, असे त्यात बरेच काही होते. मिश्रा ४ जून २०२३ ला वारले. त्यानंतर चाळीस दिवसांच्या आत नदीने त्यांचा युक्तिवाद लोहापुलावर लिहून दाखवला.

आता पावसाळा सोडून बाकी आठ महिन्यांच्या नदीबद्दल. १२ मे १९९४ ला पाच राज्यांनी यमुनेचे पाणी वाटून घेतले. वर्षाला वापरता येण्याजोगे ११.९८३ अब्ज घनमीटर. त्यात हरियाणा ५.७३०, उत्तर प्रदेश ४.०३२, राजस्थान १.११९, दिल्ली ०.७२४ आणि हिमाचल ०.३७८. बेरीज करून पाहा, शेवटच्या थेंबापर्यंत जुळते. नदीसाठी स्वतंत्र वाटा नाही, फक्त ताजेवाला आणि ओखल्याखाली सेकंदाला दहा घनमीटर किमान प्रवाह ठेवावा एवढी तरतूद. दहा घनमीटर म्हणजे सुमारे ३५० क्युसेक. २०२३ च्या शिखराच्या हजाराव्या हिश्शाएवढे. उन्हाळ्यात एवढेसे पाणी वाळूतून दिल्लीपर्यंत पोहोचणे अवघड. दिल्लीचा आपला वाटा येतो तो मुख्यतः हरियाणाच्या मुनक कालव्यातून. फेब्रुवारी २०१६ च्या जाट आंदोलनात तो कालवा फोडला तेव्हा देशाच्या राजधानीचे नळ कोरडे पडले.

वजीराबादच्या खाली मग वाहते काय, तर नाले. सर्वांत मोठा नजफगडचा, त्याखालोखाल शाहदऱ्याचा. एकूण लांबीच्या दोन टक्के असलेल्या या टप्प्यात नदीच्या प्रदूषणात पाऊण हिश्शाची किंवा त्याहून जास्त भर पडते. ओखल्याच्या खाली हिवाळ्यात दिसणारा पांढरा फेस हा साबण-डिटर्जंटमधल्या रसायनांचा. बॅरेजवरून पाणी खाली आपटते आणि तो उठतो. छठपूजेच्या सुमारास त्या फेसात उभ्या राहिलेल्या बायकांचे फोटो देशभर छापून येतात. दिल्लीतल्या मराठी मंडळांचे गणपतीही आता कृत्रिम हौदात विसर्जित होतात. नदी वाचावी म्हणून हे योग्यच आहे, पण इतक्या घाण पाण्यात मूर्ती सोडवत नाही, हेही कोणी नाकारत नाही.

आता पुन्हा जुलै २०२३. हथिनीकुंडाहून निघालेले पाणी दिल्लीला पोहोचायला दोन ते तीन दिवस घेते. या वेळी ते नेहमीपेक्षा लवकर आले. केंद्रीय जल आयोगाच्या अधिकाऱ्यांनीच त्या दिवसांत सांगितले, की अतिक्रमणे आणि गाळामुळे पाण्याला पसरायला जागा राहिलेली नाही. पूर्वी पूर वाटेतल्या खादरात पसरत, रेंगाळत, जिरत येई. अरुंद पात्रात तो उंच आणि वेगाने येतो. आयटीओ बॅरेजच्या ३२ दारांपैकी ५ गाळात रुतून बसली होती. ती उघडायला सैन्य आणि नौदलाची माणसे आणावी लागली. दारांची देखभाल तेव्हा हरियाणाकडे, बॅरेज दिल्लीत, त्यामुळे दोष कोणाचा यावर दोन सरकारांत जुंपली. नाला क्रमांक १२ वरचा नियंत्रक तुटला आणि नदीचे पाणी नाल्यातून उलटे चढून आयटीओच्या चौकात, सर्वोच्च न्यायालयाच्या परिसरापर्यंत आले. १९५५ मध्ये नाला नदीत उलटा शिरला होता, या वेळी नदी नाल्यात उलटी शिरली. राजघाट पाण्यात होता. लाल किल्ल्याच्या मागच्या रिंगरोडवर पाणी किल्ल्याच्या भिंतीला टेकले. त्यावर अनेकांनी शहाजहानच्या काळची चित्रे शेजारी ठेवली, ती तुलना चपखलच होती. आणि वजीराबाद, चंद्रावल, ओखला ही तीन जलशुद्धीकरण केंद्रे पुरामुळे बंद ठेवावी लागली. म्हणजे दिल्लीत यमुनेची आजवर नोंदली गेलेली सर्वांत उंच पातळी समोर असताना शहरात पिण्याच्या पाण्याची कपात झाली.

त्या पुराने खादराला मात्र फायदा दिला. वाळूच्या या थरात पाणी भरपूर मुरते. पल्ला भागात दिल्ली जल मंडळाच्या विहिरी त्याच पाण्यावर चालतात, आणि पुराचे पाणी खड्ड्यांत अडवून भूजल भरण्याचा प्रयोग तिथे २०१९ पासून सुरू आहे. धरण नसलेल्या या टप्प्यात दिल्लीजवळ असलेली एकमेव साठवण ही पायाखालची वाळूच. तिच्यावर काँक्रीट टाकले की पुराला जागाही जाते आणि उन्हाळ्याचे पाणीही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा पूर आला. हथिनीकुंडाचा सर्वोच्च विसर्ग सव्वातीन लाख क्युसेकच्या आसपास, लोहापुलावर ४ तारखेला २०७.४८ मीटर. १९७८ पेक्षा एक सेंटिमीटर कमी, आणि तेही त्या वर्षीच्या निम्म्याहून कमी विसर्गात. या वेळी आयटीओ बुडाले नाही, दारे उघडी होती. यमुना बाजार, मयूर विहारच्या बाजूची खादर, निगमबोध घाट पाण्यात गेले.

महाराष्ट्रात नदीकाठी घर घेणाऱ्याला निळी रेषा आणि लाल रेषा ठाऊक असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्या रेषा कागदावर कशा सरकतात हे पुणे-कोल्हापूरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. दिल्लीत नियोजनाच्या आराखड्यात नदीचा पट्टा ‘ओ झोन’ म्हणून वेगळा काढलेला आहे, सुमारे ९,७०० हेक्टरांचा, आणि त्यात कितीतरी वसाहती आधीच वसलेल्या आहेत. लवादाने २०१५ मध्ये धरले ते पूरमैदान पंचवीस वर्षांच्या पुराचे. तो पूर कोणता, हे मागच्या नोंदींवरून ठरते. १९७८ नंतर २०७ मीटरच्या वरची पातळी २०१० मध्ये आली, मग २०१३ मध्ये, २०२३ मध्ये आणि २०२५ मध्ये. बत्तीस वर्षांचे अंतर आणि मग सोळा वर्षांत चार वेळा. २०१३ ला हथिनीकुंडाहून आठ लाखांच्या वर पाणी होते, शेवटच्या दोन्ही वेळी चार लाखांच्या आत. विसर्गावरून काढलेली रेषा आणि पातळीवरून काढलेली रेषा आता एका जागी येत नाहीत, आणि ‘ओ झोन’ची हद्द नव्याने आखणाऱ्याला यातली कोणती धरायची हे आधी ठरवावे लागेल.